खानापूर तालुका : स्वतःच्या रानातली सागवानं तोडायला परवानगी कुणाची, पास कुणाचा?

मलप्रभाकाठी – ९ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय.

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. तीन एकर बारा गुंठे रान, खाली भात, वर काजू. माळाच्या कडेनं आजोबांनी लावलेली सागवानं आहेत, मोजली तर तेवीस भरली. शिवाय दोन फणस, एक जांभूळ आणि ओढ्याच्या बाजूला तीस-पस्तीस नीलगिरी. घराचं छप्पर यंदा उतरवायलाच पाहिजे, वासे पार खाल्लेत. घरापुरतं लाकूड ठेवून उरलेलं विकायचं असा बेत.

बेळगावचा एक लाकूडवाला येऊन बघून गेला. भाव बरा सांगतोय. म्हणतो, "परमिशनचं माझ्याकडं लागलं, तुम्ही फक्त सह्या करा." दोन कागद ठेवून गेलाय. एक कन्नडात छापलेला आहे, दुसरा साफ कोरा.

महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मामांना फोन केलो तर ते म्हणाले, काही ठराविक जातीच सोडल्या तर बाकी झाडांना कुणी विचारत नाही. नेटवर मराठीत शोधलो तर सगळं महाराष्ट्राचंच निघतंय. आणि हो, उतारा अजून आजोबांच्याच नावावर आहे. वडील जाऊन चार वर्षं झाली. धाकटा भाऊ पुण्यात, आत्या गोव्यात.

सुरुवात कुठनं करू?

टिळकवाडी – ९ ऑक्टोबर, रात्री ९:५२

कोऱ्या कागदावर सही करू नको. बाकीचं उद्या बोलू.

चंदगडी_तांदूळ – ९ ऑक्टोबर, रात्री १०:१५

मामांचं चुकलं नाही, पण ते त्यांच्या गावचं सांगतायत. आमच्याकडं १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, खैर, ऐन, किंजळ वगैरे जातींची नावं दिलेली आहेत. नाव यादीत असेल तर परवानगी काढायची.

तुमच्याकडं नेमकं उलटं आहे. कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा. तिथं सगळ्याच झाडांना परवानगी लागते आणि यादी आहे ती सवलतीची, म्हणजे यादीत नाव असेल तर सुटका. आमची यादी अडवणारी, तुमची सोडणारी. एका बांधावरनं दुसऱ्या बांधावर गेलं की कायदा पालथा होतोय बघा. माझी बहीण नंदगडात दिली आहे, तिच्या आंब्यापायी हे सगळं वाचायला लागलं होतं.

मलप्रभाकाठी – ९ ऑक्टोबर, रात्री १०:३१

हे कुणीच असं उलगडून सांगितलं नव्हतं. मग माझ्या नीलगिरीला लागत नाही काय?

रेंजातला_जुना – १० ऑक्टोबर, सकाळी ६:०५

मी वनखात्यात होतो, निवृत्त होऊन काही वर्षं झाली. आता खात्याच्या वतीनं बोलायचा अधिकार नाही, अनुभवाचं सांगतो. सवड काढून वाच.

नीलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक, सुबाभूळ, नारळ, गिरिपुष्प ही पूर्वीपासून सवलतीतली नावं. पुढं दुरुस्त्या होऊन यादी वाढत गेली. म्हणून जुन्या झेरॉक्सवर जाऊ नको, वनखात्याच्या रेंज ऑफिसात आजची यादी बघायला माग. काजू तोडायचा विचार असला तर तोही त्याच यादीत तपासून घे. आणि तोडायला सवलत आहे म्हणून वाहायलाही सवलत आहे असं समजू नको. तोडायची परवानगी वेगळी, वाहतुकीचा पास वेगळा. लोक इथंच फसतात. झाड पाडायची ऑर्डर हातात आली की मालाची गाडी भरायला घेतात, आणि नाक्यावर अडकतात.

आता सागवान. पहिली गोष्ट म्हणजे वारसा. आजोबांच्या नावच्या उताऱ्यावर तुझा अर्जच उभा राहत नाही. आधी नाडकचेरीत, म्हणजे जवळच्या महसूल कचेरीत, वारसा नोंदवून घे, सगळे वारस चढू देत. आत्यालाही धर, तिला वगळून पुढं गेलास तर उद्या ती एक तक्रारअर्ज टाकून सगळं थांबवू शकते, आणि तिचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. पहाणीवर, म्हणजे उताऱ्यावर, जितकी नावं येतील तितक्यांची संमती अर्जाला जोडावी लागते.

दुसरी गोष्ट, झाडं कुणाची. तुला विचित्र वाटेल, पण जमीन तुझी म्हणजे सागवान तुझं असं डोळे झाकून धरता येत नाही. आपला भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या काळच्या महसुली व्यवस्थेत साग, शिसव, चंदन अशी मोलाची झाडं सरकार स्वतःकडं राखून ठेवू शकत असे. गावात अजून म्हातारी माणसं "सागवान सरकारचं" म्हणतात ते त्यातनंच आलंय. तुझ्या आजोबांनी हातानं लावलेली आहेत हे तुझ्या बाजूचं, पण ते नुसतं सांगून भागत नाही. जुना उतारा, पीकपाण्यातली झाडांची नोंद, जमीन कशी मिळाली त्याचा कागद, काय असेल ते शोध. झाड सरकारकडं राखीव निघालं तर त्याची किंमत भरायचा प्रश्न येतो.

तिसरी गोष्ट, हद्द. तुझा माळ फॉरेस्टला लागून आहे काय? लागून असेल तर मोजणी झाल्याशिवाय पान हलणार नाही, आणि हलूही नये. तसंच तुझा सर्व्हे नंबर डीम्ड फॉरेस्टच्या, म्हणजे वन म्हणून धरलेल्या जमिनींच्या, यादीत नाही ना, ते बघ. सुप्रीम कोर्टाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन निकालानं 'वन' शब्दाचा अर्थ रुंद केला. मालकी कुणाचीही असो, वन असेल तर ते वनच. त्यातनं आपल्या राज्यात डीम्ड फॉरेस्टचा घोळ सुरू झाला. आधी जवळपास दहा लाख हेक्टर धरलं होतं, २०२२ मध्ये ते सुमारे ३ लाख ३० हजार हेक्टरवर आणलं. तुझा नंबर त्यात नसेल अशी आशा करू.

हे तिन्ही सुटलं की पुढचं अवघड नाही. अर्ज, नवीन पहाणी, नकाशा, झाडांची यादी. यादीत जात आणि गोलाई. गोलाई छातीच्या उंचीला घेतात, जमिनीपासून १.३७ मीटर, आपल्या भाषेत साडेचार फूट. गार्ड-फॉरेस्टर येऊन झाडं बघतील, नंबर टाकतील. ऑर्डर आली की तिच्यावरची मुदत आणि अटी वाच. किती झाडं परत लावायची तेही त्यात असतं, बहुतेक लोक ते वाचतच नाहीत. पाडलेल्या ओंडक्यांची परत मोजणी होते, हॅमर म्हणजे खात्याचा ठोक्याचा शिक्का बसतो, मग पास. बुंधा उपटून टाकू नको. झाड खरंच ऑर्डरमधलं होतं याचा तोच साक्षीदार.

जास्त लांबलं. दूध उतू गेलं इकडं.

घाटमाथा_राजू – १० ऑक्टोबर, सकाळी ८:२०

जुना काका, दंडवत.

पण आमच्या गावात सगळे म्हणतायत की कस्तुरीरंगन आलंय, आता स्वतःच्या परसातली फांदीसुद्धा तोडता येणार नाही.

रेंजातला_जुना – १० ऑक्टोबर, सकाळी ११:४८

राजू, ती कस्तुरीरंगन समितीच्या अहवालावरनं निघालेली पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह क्षेत्राची अधिसूचना. केंद्रानं सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला काढला. कर्नाटकातलं २० हजार चौ.कि.मी.हून जास्त क्षेत्र त्यात दाखवलंय, खानापूरची गावंही आहेत, आणि राज्य सरकार त्याला विरोध करत आलंय. मसुदा म्हणजे अंतिम आदेश नव्हे. परसातल्या फांदीचं प्रकरण त्या अधिसूचनेनं ठरत नाही, १९७६ च्या कायद्यानंच ठरतंय. त्याची भीती घालून कोण झाडं स्वस्तात मागत असेल तर मात्र सावध राहा. "आता तोडा, नंतर मिळणार नाही" हे वाक्य मी तीस वर्षं ऐकलंय.

भीमगडच्या आतल्या गावांचं मात्र वेगळं. ते डिसेंबर २०११ पासून अभयारण्य आहे, तिथं हा धागा लागू धरू नका.

काजूबी – १० ऑक्टोबर, दुपारी १:३०

आमच्या घरात काय झालं ते सांगते, म्हणजे कोऱ्या कागदाचं कळेल.

आमच्या चुलत्यांनी असाच एकाला सह्या करून दिल्या. अर्ज खरोखर झाला, ऑर्डरपण खरी आली, अकरा झाडांची. त्यानं पाडली सतरा. वरची सहा कुठली होती ते देवाला ठाऊक, आमच्या रानात बुंधे अकराच. पण गाडी धरली तेव्हा कागद चुलत्यांच्या नावचे! टेम्पो जप्त, माल जप्त, आणि केस चुलत्यांवर. तो बाबा म्हणतोय, मी तर नुसता गिऱ्हाईक. वन कायद्यात गाडीसुद्धा सरकारजमा करायची तरतूद आहे, त्यामुळं टेम्पोवाला पण दारात येऊन बसायचा. काकू दोन वर्षं कोर्टाच्या तारखेला चपात्या बांधून द्यायची.

पैसे किती मिळाले होते विचारू नका. लाज वाटते.

टिळकवाडी – १० ऑक्टोबर, दुपारी १:४१

म्हणूनच काल म्हटलो. अर्ज तुझ्या नावचा म्हणजे गुन्हापण तुझ्या नावचा. लाकूडवाल्याला मदत करू दे, धावपळ करू दे, त्याचे पैसे घेऊ दे. पण अर्जावर तूच सही कर, तूच आत दे, आणि आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच तुझ्याच खिशात ठेव.

करवत – १० ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१०

आमचं सॉ मिलचं काम आहे, म्हणून एक हिशेब सांगून ठेवतो. परवानगीइतकाच पैसा इथं जातो.

व्यापारी माल घनफुटात घेतो, आणि मोज घेतो पाव-गोलाईची. म्हणजे ओंडक्याच्या मधल्या गोलाईचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. समज गोलाई ४० इंच, लांबी १० फूट. चौथा हिस्सा १० इंच, वर्ग १००, लांबीनं गुणून १४४ नं भागलं की ६.९४ घनफूट. पण तोच ओंडका गोल धरून मोजलास तर ८.८४ भरतो. शंभरातले साडेएकवीस कागदावरच गळाले. ही लबाडी नव्हे, सगळ्या बाजाराची जुनी रीत आहे, चौकोनी कापताना फळकुटं वाया जातात म्हणून पडलेली. फक्त भाव ठरवताना "कुठल्या मोजीनं?" एवढं विचार. दोन व्यापाऱ्यांचे भाव तुलना करताना एकाची मोज एक आणि दुसऱ्याची दुसरी असली की जास्त भाव सांगणाराच कमी देऊन जातो.

आणि साल काढून मोजणार की सालीसकट, तेपण आधी ठरव. सागाची साल जाड नसते, पण तेवीस झाडांत कळतंय.

आणखी एक. कापायला नेशील तिथं मिलचा परवाना आहे का बघ. विनापरवाना मिलचा प्रश्नही त्याच गोदावर्मन प्रकरणातला. पास नसलेला माल आम्ही आत घेत नाही, घेतला तर आमचं शटर खाली.

मलप्रभाकाठी – १० ऑक्टोबर, रात्री ९:०५

करवतदादा, हे डोक्यातच नव्हतं. त्यानं नुसतं "घनफुटाला इतके" म्हटलं आणि मी मान हलवलो.

मामांच्या ओळखीची मिल चंदगडात आहे, कापायचा दर कमी आहे. तिकडं नेऊन परत आणलं तर चालतंय काय? अंतर काहीच नाही.

चंदगडी_तांदूळ – १० ऑक्टोबर, रात्री ९:२२

अंतर नाही, पण राज्य मध्ये आहे गा! पासावर कुठनं कुठं, कुठल्या गाडीनं, कधीपर्यंत हे सगळं लिहिलेलं असतंय. चंदगड लिहिलेलं नसताना चंदगडात सापडलास तर तो पास असून नसल्यासारखा. केंद्रानं २९ डिसेंबर २०२३ ला देशभरासाठी ऑनलाइन ट्रान्झिट पासची व्यवस्था सुरू केली ती ह्यासाठीच, राज्य बदललं की दुसरा पास काढायला लागू नये म्हणून. पण तुझ्या रेंजमधनं कसला पास निघतो ते तिथंच विचार. आणि परत येताना ओंडके नसतील, फळ्या असतील. फळ्यांचा कागद वेगळा. वाचवलेले पैसे कागदात जातील, खानापुरातच काप.

पोर्टलंडचा_पावणा – ११ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

मूळचा कंग्राळीचा, सध्या अमेरिकेत ओरेगॉनला. शेजारी एकाची लाकडाची जमीन आहे म्हणून माहीत. इथं काम सुरू करायच्या किमान १५ दिवस आधी वनखात्याला ऑनलाइन सूचना द्यावी लागते. त्यातच यंत्रं चालवायचा परवाना. गंमत म्हणजे सूचना दिली म्हणजे मंजुरी मिळाली असं नसतं. नियम पाळायची जबाबदारी मालकाची आणि तोडणाऱ्याची, दोघांचीही. काजूबीताईंची गोष्ट वाचून ते 'दोघांचीही' फार पटलं.

अवांतर: खानापुरी कौलांचं घर असेल तर कौलं विकू नकोस रे.

वडगावचा_वाघ – ११ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

सगळे फॉर्म कन्नडात. आपल्याच गावात आपल्याला वाचता येत नाही, ह्याचं कुणाला काही नाही. सीमाप्रश्न सुटल्याशिवाय

टिळकवाडी – ११ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

वाघा, त्यासाठी वेगळा धागा आहे, पाचशे प्रतिसाद झालेत तिथं. इथं पोराचं छप्पर गळतंय.

पण मुद्दा म्हणून सांगतो. घटनेच्या कलम ३५० नं तक्रारीचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीत देता येतं. छापील फॉर्मचं तसं नाही. फॉर्म कन्नडात भर, आणि सोबत मराठीत एक पानाचं पत्र जोड: माझी झाडं इतकी, ह्या जातीची, ह्या सर्व्हे नंबरात, ह्यापेक्षा जास्त नाहीत. पुढं काही वाकडं झालं तर तू नक्की काय मागितलं होतंस ते तुझ्याच भाषेत फाईलला राहतं. आणि कन्नड कागद सहीआधी कुणाकडनं तरी शब्दन् शब्द वाचून घे. शेजारच्या गावातली शाळेची पोरं सुद्धा वाचतात, त्यात कसला कमीपणा.

काजूबी – ११ ऑक्टोबर, दुपारी १२:४४

माझी मुलगी आठवीत आहे, चुलत्यांचे सगळे कागद आता तीच वाचून दाखवते. तिला 'महजर' म्हणजे पंचनामा हे आमच्याआधी कळलं.

घाटमाथा_राजू – ११ ऑक्टोबर, दुपारी ३:००

नीलगिरी विकून टाक आधी, दांडेलीच्या कागद गिरणीला माल जातो. त्यात वारसाबिरसा नाही.

रेंजातला_जुना – ११ ऑक्टोबर, दुपारी ४:१६

वारसा तिथंही आहेच राजू, झाडाला सवलत आहे, आत्याला नाही. आणि एकदा काढली की परत तीच लावता येईल असं धरू नको, २०१७ मध्ये राज्यानं नीलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदीचा आदेश काढला होता.

मलप्रभाकाठी – ११ ऑक्टोबर, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. लाकूडवाल्याचे कागद परत दिलो. तो रुसला नाही, हसला. म्हणाला, "पाटील, शिकलासवरलास तू." ह्याचा अर्थ काय घ्यायचा कळलं नाही.

आत्याला फोन केलो. ती म्हणाली संमती देते, पण एक फणस ठेवा, तो तिच्या लग्नाच्या वर्षी लावलेला. ठेवतोय.

मलप्रभाकाठी – १८ फेब्रुवारी, रात्री १०:१२

धागा वर काढतोय, कारण कुणी कुणी मेसेज करून विचारत होते.

वारशाला अपेक्षेपेक्षा जास्त दिवस लागले. एका कागदात आजोबांच्या नावात एक अक्षर वेगळं होतं, त्यावर प्रतिज्ञापत्र झालं. जुन्या नोंदींच्या शोधात आजीच्या ट्रंकेतनं एक उतारा निघाला, पिवळा पडलेला, चक्क मराठीत. त्यात झाडांची नोंद नव्हती, पण जमीन 'खाजगी' हे स्पष्ट होतं. नंबर डीम्ड फॉरेस्टमध्ये नाही.

मग मोजणी. सर्व्हेअर, गार्ड, फॉरेस्टर आणि मी. शेजारचे दोन शेतकरी पण आले, बोलावलं नसताना. साखळी फिरली तसं माझं तोंड उतरत गेलं. तेवीसातली चार झाडं हद्दीपलीकडं निघाली. फॉरेस्टमध्ये. आणि ती सगळ्यात जाड चार! आजोबांनी लावताना बांध धरून लावली असणार, बांध कधी तरी सरकला की आजोबाच सरकले, आता कोण सांगणार. फॉरेस्टर बरा माणूस होता, म्हणाला, "ही पाडली असती तर तुम्ही आज मला इथं भेटला नसता, ऑफिसात भेटला असता."

लाकूडवाल्याच्या वहीत तेवीस लिहिलेली होती. ती चार धरूनच.

ऑर्डर एकोणीसची आली, गेल्या आठवड्यात पाडली. ओंडक्यांवर हॅमर बसला, पास मिळाला, खानापुरातच कापायला टाकलंय. दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलो, मोज आधी ठरवून. बुंधे ठेवलेत. आई अजून संध्याकाळी त्या चार झाडांपर्यंत फेरी मारून येते. मी काही म्हणत नाही.

करवत – १८ फेब्रुवारी, रात्री १०:३०

मोज कुठली ठरली?

मलप्रभाकाठी – १८ फेब्रुवारी, रात्री १०:३३

पाव-गोलाईच. दुसरी कोण घेईना. पण साल काढून नव्हे, सालीसकट.

घाटमाथा_राजू – १९ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

मलापण मोजणी करायची आहे. फी किती लागली?

मलप्रभाकाठी – १९ फेब्रुवारी, सकाळी ८:०२

पावतीवर होती तेवढीच भरलो. जेवण आमच्यात झालं, कोंबडी शेजाऱ्यांची.